कौलांच्या सतरा ओळी

शनिवारची सकाळची शाळा होती. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातला जुलैचा पाऊस, मोठ्यानं वाचलं तरी मागच्या बाकापर्यंत आवाज पोचत नव्हता. नववीला मी प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मधली कथा वाचून दाखवत होतो. त्यातला लंपन हा मुलगा आमच्या मुलांना लगेच आपला वाटतो. सीमाभागातलं गाव, बोलण्यात मधूनच येणारं कानडी, आजी-आजोबांकडे वाढणारं पोर. आमच्या वर्गातल्याही कितीतरी मुलांचे आईवडील गोव्याला कामाला असतात.

आजवर मी लंपन हसत हसतच शिकवला. त्याचं ते सारखं 'मॅड' म्हणणं, कुठेही येणारे त्याचे अचाट आकडे. मुलं हसायची, तास रंगायचा. आईवडिलांपासून लांब ठेवलेलं हे लेकरू आहे, नावातच वनवास आहे, ते मात्र राहूनच जायचं. तो रडून सांगत नाही ना, म्हणून.

त्या दिवशी विचारलं, "हा सारखे आकडे का सांगत असेल? दोन ओळी लिहा." बहुतेकांनी 'गंमत म्हणून' लिहिलं. दाराजवळच्या बाकावरच्या मुलानं लिहिलं होतं, 'मोजायला लागलं की दुसरं काय ऐकू येत नाही. आमच्या सोप्यावर कौलांच्या सतरा ओळी हायत. एक कौल फुटलंय.' त्याखाली आणखी एक ओळ होती, ती इतकी खोडली होती की कागद विरला होता.

या मुलाचा कधी त्रास नाही. वही नीटनेटकी, गृहपाठ वेळेवर. कुणी बाक जोरात सरकवला की त्याची मान खांद्यात जायची. पावसाळ्यात थंडी वाजत असेल, असं मी समजत होतो. इतके दिवस!

सुट्टीत व्हरांड्यात त्याला शेजारी बसवलं.

"हा सोपा आज्जीच्या घरचा काय रे?"

"नव्हं सर. आमच्या पहिल्या घरचा."

पुढं तो जे बोलला ते त्याचं आहे, इथं लिहिणार नाही. दारूचं घर आणि रात्री, एवढंच सांगतो. मी फक्त ऐकलं. आता आज्जीकडे कुणी मारत नाही ना, एवढं विचारलं. "न्हाई," म्हणाला. हे एकट्यानं मनात ठेवण्यासारखं नव्हतं. त्याला सांगूनच संध्याकाळी आज्जीला भेटलो आणि १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन केला. आज्जी पदर डोळ्याला लावून म्हणाली, "पोरगं कधी रडलंच नाही हो गुरुजी, मला वाटलं विसरलं."

पुढच्या शनिवारी पुस्तक मागायला तो स्वतः आला.

"सर, शेवटी ह्याचे बाबा न्हेतात काय ह्याला घरी?"

लंपनच्या पुस्तकांच्या मालिकेच्या शेवटी त्याचे वडील वारतात. संतांचे स्वतःचे वडीलही १९४६ साली, ते लहान असतानाच गेले. आई इंदिरा संत इथंच बेळगावात राहिल्या. खोटं सांगणं जमलं नाही.

"नाही रे. वडील जातात त्याचे."

तो थोडा वेळ पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"मग लिहिलंय कुणी? त्यानंच?"

"हो. मोठा झाल्यावर."

त्यानं पुस्तक दप्तरात घातलं. वरून प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली, पाऊस होता म्हणून.