तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिका व्हिएतनाममध्ये कडमडली कशाला?

व्हिएतनामहून आल्यापासून फोटो बघायला जो येतो तो हमखास विचारतो, काय हो, एवढी मोठी अमेरिका त्या एवढ्याशा देशात कडमडायला गेलीच कशाला? मी "कम्युनिझम" म्हटलं की मान डोलावून पुढचा फोटो. पण हे उत्तर अर्धंच आहे, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सुरुवात उलटीच आहे बघा. १९४५ ला जपान्यांविरुद्ध अमेरिकेच्याच गुप्तहेर खात्याची माणसं जंगलात व्हिएतनामचा कम्युनिस्ट पुढारी हो ची मिन्ह याच्या पोरांना बंदुका चालवायला शिकवत होती, आणि २ सप्टेंबरला हनोईत स्वातंत्र्य जाहीर करताना या गृहस्थाने भाषणाची सुरुवातच अमेरिकेच्या जाहीरनाम्यातल्या वाक्याने केली. पुढे फेब्रुवारी १९४६ मध्ये, जुने राज्यकर्ते फ्रेंच परत आले होते, त्यांना आवरा म्हणून अमेरिकेच्या अध्यक्षाला, ट्रुमनला, तारही केली. उत्तर नाही. फ्रान्सला दुखवायचं नव्हतं ना! त्यात १९४९ ला चीन लाल झाला आणि मग घबराट अशी की १९५४ पर्यंत फ्रेंचांच्या लढाईचा बहुतेक खर्च अमेरिकाच करत होती. फ्रेंच दिएन बिएन फूच्या लढाईत हरले, जिनिव्हाच्या तहात देशाचे तात्पुरते दोन तुकडे झाले, उत्तर हो ची मिन्हकडे, आणि १९५६ ला सगळ्या देशाची निवडणूक घ्यायचं ठरलं, ती दक्षिणेचा सत्ताधारी दिएम याने घेतलीच नाही आणि अमेरिकेने त्यालाच पाठीशी घातलं, कारण घेतली असती तर हो ची मिन्हच निवडून आला असता.

आता माझा सगळ्यात आवडता कागद. ८ मार्च १९६५ ला अमेरिकेचे सैनिक, मरीन्स, दक्षिण व्हिएतनाममधल्या दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले, आणि सोळाच दिवसांनी संरक्षण खात्यातल्या जॉन मॅकनॉटनने संरक्षणमंत्री मॅकनमाराला चक्क टक्केवारी लिहून दिली की आपण हे कशासाठी करतोय: ७० टक्के अमेरिकेची नाचक्की टाळायला, २० टक्के दक्षिण व्हिएतनाम चीनच्या हातात जाऊ नये म्हणून, आणि तिथल्या लोकांच्या बऱ्या आयुष्यासाठी १०. म्हणजे काय, अब्रूचा मामला! लोक काय म्हणतील म्हणून लग्नात कर्ज काढणाऱ्याला विचारा, एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही. १९६९ पर्यंत पाच लाखांच्या वर सैनिक तिथे, त्यांचे ५८,००० हून जास्त मेले, व्हिएतनामी तर लाखांनी, आणि ३० एप्रिल १९७५ ला दक्षिणेची राजधानी सायगाव पडायचं ते पडलंच.

कम्युनिस्ट साधुसंत होते असं नाही हां. जिंकल्यावर दक्षिणेतल्या लोकांना वर्षानुवर्षं छावण्यांत डांबलं, लाखो लोक होड्यांतून पळाले. आणि त्या २० टक्क्यांचं काय झालं? फेब्रुवारी १९७९ मध्ये चीननेच व्हिएतनामवर हल्ला केला, लालविरुद्ध लाल, तेव्हा आपले परराष्ट्रमंत्री वाजपेयी नेमके चीनमध्ये होते, दौरा अर्धवट टाकून परत आले.

बाकी ज्या फोटोला सगळे हसता, मी बिळात अडकलेला, तो सायगावजवळच्या कु चीच्या भुयाराचा, जिथे कम्युनिस्ट गनिम लपून लढायचे. टुरिस्टांसाठी रुंद केलंय म्हणे, तरी माझे गुडघे गेले. वर आल्यावर उकडलेला कंद देतात, ज्याचा आपला साबुदाणा होतो तो, आणि सोबत दाण्याचं कूट, तीळ, मीठ. भुयारातली पोरं यावरच दिवस काढायची असं गाइड सांगत होता, आणि आमची ही एक तुकडा तोंडात टाकून म्हणते, अहो, हे तर उपासाला चालेल.