बाथरूमचा सूर

आज अंघोळ करताना गुणगुणत होतो. खालच्या एका सुरावर आलो आणि अख्खी बाथरूम घुमली, छातीत जाणवेल इतकी. जरासा वर सरकलो, सगळं सपाट. परत खाली आलो, परत घुमली.

बाहेरून लेक ओरडली, "बाबा, हळू गा ना!"

मी हळूच गात होतो. जोर तोच, बदलला होता फक्त सूर.

हे डोक्यातून जाईना. टेप घेऊन मोजलं, तर समोरासमोरच्या भिंतींमध्ये दीड मीटर अंतर. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दीड मीटरमध्ये अर्धी लहर मावते तेव्हा कंपनं होतात सेकंदाला ११४. म्हणजे माझा खालचा सूरच! भिंतीवरून परतलेली लहर नव्या लहरीला नेमक्या वेळी येऊन मिळते, झोका योग्य क्षणी ढकलावा तशी. भिंतीला कान लावला की घुमणं जास्त, मधोमध एकदम कमी. हे तर मी इतक्या वर्षांत कधी ऐकलंच नव्हतं.

लेक आत जाऊन स्वतःचा सूर शोधत बसली. तिला सापडला तो माझाच, वरच्या सप्तकातला. दुप्पट कंपनं, तेवढ्याच जागेत अख्खी लहर.

तुमची बाथरूम कोणत्या सुराला घुमते?