अनोळखी रानातली पहिली शिकार

परवाना हातात आलाय, हंगामाला तीन आठवडे उरलेत, आणि ज्या रानात हरणामागे जायचंय तिथे मी आजवर पाऊलही ठेवलेलं नाही. म्हणून रोज रात्री नकाशा पसरून बसते.

समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, एकमेकींना चिकटल्यात तिथे उभा चढ. त्या सैल होऊन दोन टेकड्यांमध्ये खिंड दिसते, तिथे मी पेन्सिलीने गोल केलेत. चढ टाळायला हरणंही बहुतेकदा अशीच वाट धरतात. परवा बंदूक न घेता जाऊन बघणार: ओलसर, चकाकत्या लेंड्या, शिंगं घासून साल सोललेली झाडं, गवतात अंग टेकल्याचे लांबट खळगे.

खरा घोर वाऱ्याचा. पहाटे गार हवा उतारावरून खाली ओघळते, उन्हं तापली की तीच वर चढू लागते. म्हणजे उतारावर उंच जागी पहाटे बसले, तर माझा वास खालून येणाऱ्या हरणापर्यंत आधीच पोचणार. तिथे ऊन चढल्यावरच जायचं.

शंभर मीटरपलीकडे चाप ओढणार नाही. सरावात माझा नेम तिथवरच पक्का आहे. तेही हरीण माझ्याकडे कूस करून स्थिर उभं असेल तरच. जखमी जनावर रात्रभर तडफडलं तर मला ते सोसणार नाही. गोळी लागली तरी अर्धा तास जागचं हलायचं नाही, लगेच मागे लागलं की ते आणखी दूर पळतं.

कुठल्या खिंडीत बसणार आणि कधी परतणार, ते घरी लिहून ठेवेन.