काउंटरच्या पीसींना इंटरनेट नव्हतं, तरीही

सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचे कॉम्प्युटर मी तेव्हा सांभाळत होतो. मुख्य शाखेत २१ पीसी आणि एक सर्व्हर. १३ मे २०१७, शनिवार. रात्री जेवताना बातम्या लावल्या तर ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांतून रुग्णांना परत पाठवत होते. स्क्रीनवर लाल खिडकी, फायली कुलूपबंद, सोडवायच्या तर ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये. नाव वॉनाक्राय, व्हायरससारखा पण आपणहून पसरणारा किडा. कुणी मेल उघडायची याला गरजच नव्हती. विंडोजच्या फाइल शेअरिंगमध्ये, म्हणजे त्यासाठीच्या एसएमबी या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत भोक होतं. तिथून ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे नेटवर्कच्या दारातून, तो शेजारच्या मशीनमध्ये आपणहून शिरायचा.

घास घशाखाली उतरेना. काउंटरच्या पीसींना इंटरनेट नाही, त्यांना काय होतंय, असं मी साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना सांगत आलो होतो. पण साहेबांच्या केबिनमधल्या दोन पीसींना नेट होतं आणि सगळ्यांच्या वायरी एकाच नेटवर्क स्विचला. मायक्रोसॉफ्टने ते भोक बुजवणारा पॅच १४ मार्चलाच दिला होता. नेट नसलेल्या मशीनपर्यंत तो पोचणार कसा? मी नेऊन टाकला तरच. दोन महिने मी टाकला नव्हता.

मार्कस हचिन्स या तरुणाने किड्याच्या कोडमध्ये दिसलेलं एक डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर नोंदवलं आणि प्रसार मंदावला, हेही त्याच रात्री वाचलं. हायसं वाटलं, पण क्षणभरच. ते डोमेन गाठता आलं तरच किडा थांबायचा. आमच्या काउंटरवरून ते गाठताच आलं नसतं. ज्या गोष्टीच्या भरवशावर मी निर्धास्त होतो, तीच उलटी पडत होती.

रविवारी सकाळी शाखा उघडून घेतली. एकही पीसी चालू करण्याआधी स्विचमधल्या सगळ्या वायरी उपसल्या. पॅच घरून पेन ड्राइव्हवर आणले होते. विंडोज ७ ची पहिली मशीन पटापट झाली. मग एकावर संदेश आला, हे अपडेट या कॉम्प्युटरला लागू नाही. लागू नाही म्हणजे धोका नाही, असं समजून मी पुढे जाणारच होतो. पण मन मानेना, म्हणून तपासलं, तर पॅचच्या आधी लागणारा मोठा अपडेट, सर्व्हिस पॅक १, त्यावर नव्हताच. अशी सहा निघाली. पॅच टाकलेल्या प्रत्येक पीसीवर खडूने फुली मारत गेलो. शेवटची फुली मारली तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते.

राहिला पासबुक छापायचा, जुन्या विंडोज एक्सपीवरचा पीसी. त्या प्रिंटरचा ड्रायव्हर एक्सपीच्या पुढे चालत नव्हता. एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्येच संपलेला, तरी मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून त्यालाही पॅच दिला होता. तो टाकला. पण एक्सपीला एसएमबीची पहिलीच आवृत्ती कळते, त्यामुळे त्याच्यासाठी सर्व्हरवर ती चालू ठेवणं भाग होतं. सोमवारी काउंटरवरच्या मॅडमनी विचारलं, “दादा, एन्ट्री मारायला घेऊ ना?” मी हो म्हणालो, पण दिवसभर लक्ष त्या मशीनवरच होतं.

२७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा किडा आला. न्हावा-शेवा बंदरात मर्स्क या जहाज कंपनीचं टर्मिनल ठप्प झालं. तेच भोक त्यानेही वापरलं होतं, शिवाय एका मशीनच्या मेमरीतून अ‍ॅडमिनचा पासवर्ड उचलून तो पॅच टाकलेल्या मशीनमध्येही शिरत होता. आमच्या सगळ्या पीसींचा अ‍ॅडमिन पासवर्ड एकच, तोही मीच ठेवलेला. त्या रात्री बसून प्रत्येकाला वेगळा दिला, वहीत लिहिला आणि वही साहेबांच्या तिजोरीत ठेवली.

नव्या प्रिंटरचा विषय संचालकांच्या बैठकीत दोनदा पुढे ढकलला गेला. तिसऱ्या वेळी मी पॅचच्या तारखा लिहूनच नेल्या. ऑगस्टमध्ये प्रिंटर आला, त्याच संध्याकाळी एक्सपीची वायर काढली आणि सर्व्हरवरची एसएमबीची पहिली आवृत्ती बंद केली. दुसऱ्या दिवशी मॅडमनी नव्या प्रिंटरवर पहिलं पासबुक घातलं. ओळ थोडी वर छापली गेली. तेवढं मार्जिन सरकवून दिलं.