सुट्टीनंतर पुन्हा गोधडीला बसताना

मे महिना गावी काढून जूनच्या मध्याला परतलं की पहिली नजर जाते ती गुंडाळून ठेवलेल्या अर्धवट गोधडीकडे. तिला मी लगेच हात लावत नाही. सुट्टीत हाताचा टाका बदललेला असतो आणि अशा हाताने घातलेल्या ओळी जुन्या ओळींशेजारी कायमच्या उठून दिसतात. आधी कापड, मग मशीन, मग सरावाला एखादं बस्कर, म्हणजे बसायचं छोटं आसन, आणि गोधडी सगळ्यात शेवटी, हा क्रम मी सोडत नाही.

कापडाची पेटी उघडली की आधी वास घ्यायचा. नुसताच कुबट वास असेल तर कापड दिवसभर पंख्याखाली मोकळं पसरायचं आणि उलट बाजूने गरम इस्त्री फिरवायची. पावसाच्या तोंडावर उन्हाची वाट बघण्यात अर्थ नसतो. पांढरी बुरशी दिसली तर कापड गॅलरीत नेऊन ब्रशने झटकायचं. घरात झटकलं तर ती बाकीच्या कापडांवर जाऊन बसते. काळे ठिपके धाग्यात उतरलेले असतात, त्यांच्यामागे वेळ घालवू नये, तेवढा भाग कापून टाकावा. टाचणीचा गंज लागला असेल तर लिंबाचा रस आणि मीठ लावून तासभर ठेवायचं आणि हाताने हलकं चोळायचं. ब्लीच अजिबात घालायचं नाही, त्याने गंजाचा डाग आणखी पक्का होतो. लिंबानंतर कापड दोन-तीन पाण्यांतून नीट काढायचं, कारण आंबटपणा राहिला तर सुती धागा कमजोर होतो.

जुनं लुगडं सगळ्यात आधी घडीवर विरतं. घडीच्या दोन्ही बाजूंना चार बोटं अंतर ठेवून धरायचं आणि आधी उभं, मग आडवं ओढायचं. बारीक चर्र असा आवाज आला तर ते वरच्या बाजूला वापरायचं नाही, आत घालायचं. उजेडासमोर धरलं की विरलेल्या पट्ट्या दिसतातच. नवं कापड मिसळायचं असेल, विशेषतः आत मांजरपाट, म्हणजे जाडंभरडं कोरं सुती कापड, तर तो रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच घ्यायचा. जुनं लुगडं शंभरदा धुतलेलं असतं, ते आता आटत नाही; नवा मांजरपाट पहिल्या धुण्यात आटतो आणि अख्खी गोधडी चुण्यांनी भरते. खणाचे तुकडे लावणार असाल तर पांढरी चिंधी ओली करून त्यांवर जोरात घासून बघा. चिंधीला रंग आला तर खण वेगळा धुवायचा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, माझा त्यावर भरवसा नाही.

दोऱ्याचं रीळही तपासावं. हातभर दोरा काढून दोन्ही हातांत धरायचा आणि झटका द्यायचा. सहज तुटला तर रीळ कच्च्या टाक्यांसाठी बाजूला टाकायचं, गोधडीला नाही.

मशीन महिनाभर बंद राहिली की आतलं तेल घट्ट होऊन बसतं. चाक जड फिरतं म्हणून लोक वरून आणखी तेल ओततात, त्याने मळ तसाच राहतो. दात्यांवरची पट्टी काढून ब्रशने सगळा कापूस काढायचा, शटल बाहेर काढून पुसायचं, तेलाच्या प्रत्येक छिद्रात रॉकेलचे एक-दोन थेंब सोडून दोरा न लावता दोन मिनिटं चालवायची आणि बाहेर आलेलं काळं पाणी पुसून घ्यायचं. मग मशीनचं तेल, प्रत्येक ठिकाणी एकच थेंब. खोबरेल घालणारे अजूनही भेटतात. ते थिजतं आणि पुढच्या वेळी चाक हलतच नाही. त्यानंतर जाड चिंधीवर शिवून बघायचं, चिंधीवर तेलाचा डाग पडायचा थांबला की मशीन कामाला तयार. पायाच्या मशीनचा चामडी पट्टा दमट हवेत सैल होतो. तो कापताना एका वेळी पाव इंचच कापावा, जास्त कापला तर पायटा जड जातो. सुई सरळ नवी घालावी. जुनीच ठेवायची असेल तर तिचं टोक नखावरून हलकं ओढा, ओरखडा उठला की ती टाकून द्या. दोन पातळ थरांना चौदा नंबर पुरते, चार थर असतील तर सोळा.

आता बस्कर. अठरा इंच चौरस, तीन थर, तिन्ही जुनेच. गोधडीवर बिघडलेली ओळ उसवायची म्हणजे अर्धा दिवस जातो, बस्कर बिघडलं तर पाट झाकायला होतंच. थर जमिनीवर पसरून मधून कडांकडे तळहाताने सपाट करायचे, चार-चार बोटांवर कच्चे टाके घालायचे आणि मग कडेपासून आत असं धावदोऱ्याने फिरत जायचं, दोन ओळींत अर्धा इंच. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडे राहणारे आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक त्यांची कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, अशीच कोपऱ्यापासून सुरू करून गोल गोल मध्यापर्यंत नेतात. सरळ आडव्या ओळींपेक्षा ही पद्धत मला सरावाला बरी वाटते, कारण दर थोड्या वेळाने कोपरा येतो आणि तिथे हात सैल सोडता येतो.

दीड-दोन इंची, मोठ्या नेढ्याची सुई घ्यावी. दाभण नको, जुन्या लुगड्यात त्याची भोकं राहतात. दोरा हातभरच, लांब घेतला की शेवटाकडे पिंजतो. गाठ वर दिसू नये म्हणून सुई सुरुवातीच्या जागेपासून इंचभर लांब फक्त वरच्या थरात खुपसायची, जिथून सुरू करायचं तिथे वर काढायची आणि दोरा एक हलका झटका देऊन ओढायचा. टक् असा आवाज येऊन गाठ पोटात जाते. विरळ कापडात ती परत बाहेर निसटते, तिथे गाठ मारूच नये, दोन बारीक उलटे टाके घालावेत.

सुट्टीनंतर टाका हमखास मोठा पडतो. खालचं बोट मऊ झालेलं असतं, सुईचं टोक टोचायला लागलं की ते आपोआप दूर होतं आणि टाका लांबतो. अंगुस्तान वरच्या हाताला घालतात, खरी गरज खालच्या बोटालाही असते. तिथे कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे पुरतात. एरवी सुईवर पाच-सहा टाके भरत असाल तर आता तीनच भरा. प्रत्येक वेळी दोरा ओढल्यावर शिवलेल्या भागावरून अंगठा फिरवा, म्हणजे ओढ सुटते आणि चुण्या पडत नाहीत. सुरुवातीला अर्ध्या तासाच्या वर बसू नये. मनगटापेक्षा मानेला त्रास जास्त होतो, म्हणून भिंतीला टेकून, काम मांडीवर उशी घेऊन उंच करून बसावं.

बस्कराची शेवटची फेरी आणि गोधडीचा जुना भाग शेजारी ठेवून वर पट्टी धरायची आणि एका इंचातले टाके मोजायचे. जुन्या भागात पाच असतील आणि आज साडेतीन येत असतील तर आणखी एक बस्कर. साडेचार आले की मी गोधडी उघडते, तेवढा फरक धुतल्यावर दिसत नाही.

गुंडाळून ठेवलेल्या गोधडीचे थर आत सरकलेले असतात, विशेषतः जिथपर्यंत टाके पोचलेले नाहीत तिथे. त्यामुळे न शिवलेल्या भागातले जुने कच्चे टाके सगळे काढून, थर पुन्हा सपाट करून, नवे घालायचे. शिवलेल्या भागाच्या कडेला कापड फुगलेलं दिसलं तर ते मध्याकडे ढकलत न्यायचं, एकाच जागी दाबून टाका मारला तर तिथे कायमची घडी बसते. जिथे काम थांबवलं होतं तिथूनच दोरा पुढे न्यायचा नाही. मागच्या कोपऱ्यापर्यंतचे टाके उसवायचे आणि कोपऱ्यापासून सुरू करायचं. वळणावर टाक्याची लांबी तशीही थोडी बदलते, त्यामुळे जुन्या-नव्याचा सांधा लपतो. रीळ नवं असेल तर त्याचीही सुरुवात कोपऱ्यावरच, कारण पांढऱ्या दोऱ्याचे दोन लॉट कधीच एकसारखे पांढरे नसतात.

ठिगळांची मांडणी सुट्टीआधी पटलेली असली तरी परत आल्यावर एकदा फोनवर काळा-पांढरा फोटो काढून बघावा. रंग वेगळे असूनही सगळं एकाच करड्या छटेत गेलं असेल तर लांबून ती गोधडी सपाट दिसणार. तिथे इरकलीच्या काठाची एखादी गडद पट्टी मध्ये घातली तरी पुरतं.

आणि मांडणी मुळातच नकोशी वाटत असेल तर ती पुरी करण्याची सक्ती कशाला? गोधडी कापून दोन दुपटी होतात. फक्त कापायच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव पाव इंचावर मशीनची शिलाई आधी मारून घ्यायची, नाहीतर कात्री लागताच धावदोरा ओळीओळीने निसटतो. मग कापायचं आणि दोन इंची तिरप्या पट्टीचा गोट लावायचा.