दोन बोटांचा ब्रेक

मोटरसायकलवाल्यांच्या गप्पांत पिकअप असतो, सायलेन्सरचा आवाज असतो, मायलेजवरून तर भांडणं असतात. ब्रेक पॅडचं, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या तुकड्यांचं, नाव कुणी आपणहून काढत नाही. झिजून संपणं हेच ज्याचं काम, त्याचं कौतुक कोण करणार? गाडीची बाकी कामं मी खुशाल मेकॅनिकवर सोपवतो. पॅड मात्र घरीच बदलतो. आणि बदलायचेच आहेत तर जरा वरच्या दर्जाचे घालू, हा मोह काही सुटत नाही.

मोहाचं मूळ पॅडच्या पाठीवर असतं. तिथे बऱ्याचदा दोन अक्षरं छापलेली दिसतात. पहिलं थंड पॅडचं घर्षण सांगतं, दुसरं तापलेल्याचं. ‘जीजी’ म्हणजे घर्षणांक (पकडीचं माप) ०.४५ ते ०.५५, ‘एचएच’ म्हणजे ०.५५ ते ०.६५. धातूची भुकटी दाब आणि उष्णता देऊन एकजीव केलेले सिंटर्ड पॅड बहुधा ‘एचएच’. ओल्या रस्त्यावर ते चटकन पकडतात, लांब उतारावर तापले तरी दगा देत नाहीत. डिस्क मात्र जास्त खातात. तंतू आणि रेझिनचे ऑरगॅनिक पॅड मऊ आणि मुकाट, पण लवकर संपणारे आणि फार तापले की ढेपाळणारे.

पॅडच्या पाकिटावर न लिहिलेली गोष्ट अशी, की गाडी शेवटी टायर थांबवतो. लिव्हर पुरेशा जोराने दाबला तर बहुतेक गाड्यांचे मूळचे पॅडही टायरला त्याच्या पकडीच्या टोकापर्यंत नेतात. मग वरच्या दर्जाच्या पॅडने मिळतं काय? चार बोटांचं काम दोन बोटांवर येतं, आणि ब्रेक किती लागतोय हे त्या दोन बोटांना नीट कळतं. माझ्या मते पैसे वसूल व्हायला एवढं पुरे. बाकी, बिचकून लिव्हर दाबण्यात एक सेकंद गेला तर ताशी ६० किलोमीटरच्या वेगात गाडी तेवढ्यात १६-१७ मीटर पुढे गेलेली असते. ते अंतर कुठलाच पॅड परत देत नाही.

खरी गंमत कॅलिपर, म्हणजे पॅड ज्यात बसतात तो भाग, उघडल्यावर असते. पॅडला डिस्कवर ढकलणाऱ्या पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग तिथे शोधूनही सापडत नाही. पिस्टनभोवती एक रबरी सील असतं. ब्रेक दाबला की ते जरासं पिळवटतं आणि सोडल्यावर पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे घेतं. पॅड झिजत जाईल तसा पिस्टन त्याच सीलमधून थोडा थोडा पुढे सरकून नव्या जागी बसतो. ड्रम ब्रेकसारखा नट पिळत बसावं लागत नाही ते यामुळेच. इतकं हुशार रबर, आणि त्याला कुणी विचारतसुद्धा नाही!

पिस्टन पुढे गेला की मागची जागा लिव्हरचा दाब पिस्टनपर्यंत नेणारं ब्रेक ऑइल भरून काढतं, म्हणून वरच्या डबीतली पातळी उतरते. ती उतरलेली पाहून घाईने ऑइल ओतणारे पुष्कळ. नवे जाड पॅड बसवताना पिस्टन आत ढकलला की तेच जादा ऑइल डबीतून वर येतं, आणि ब्रेक ऑइल रंग खातं. टाकीवर आधी फडकं टाकलेलं बरं. पिस्टन ढकलण्याआधी ब्रशने स्वच्छ करायचा, नाहीतर त्याच्यावरची घाण थेट सीलमध्ये जाते. मळकट पिस्टन अडकत असेल तर महागडे पॅड काय करणार? माझं ऐकाल तर निम्मं अपग्रेड या ब्रशचंच.

पॅड बसले, बोल्ट ठरलेल्या जोराने आवळले, की गाडी हलवण्याआधी लिव्हर घट्ट लागेपर्यंत दाबत राहायचा. पहिल्या दाबाला तो पोकळच जातो, कारण पिस्टन अजून पॅडपाशी पोचलेलेच नसतात. हे रस्त्यावर कळलं तर फार उशीर झालेला असतो. त्यानंतरही नवे पॅड लगेच पूर्ण पकडत नाहीत. डिस्कशी त्यांची सलगी व्हावी लागते. मध्यम वेग घ्यायचा, बेताने कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा, मधे थोडं थंड होऊ द्यायचं. रिकाम्या रस्त्यावर असा विनाकारण पळणारा आणि विनाकारण मंदावणारा कुणी दिसला, तर त्याचे पॅड नवे आहेत असं समजावं, आणि त्याच्या मागे जरा अंतर ठेवूनच चालावं.