आमची वाटचाल: सामायिक सौरपंप आणि शेवटचं शेत

विजेची तार न पोहोचलेल्या शिवारात शेतकऱ्यांच्या गटासाठी सामायिक सौरपंप बसवणं हा आमचा धंदा. भागीदार मोटर रिवाइंडिंगमधला, मी वायरिंगमधला. सुरुवातीची वर्षं बरी गेली. सांगायचं आहे ते एका हंगामाबद्दल, कारण त्याचा सल अजून आहे.

एका गटासाठी आम्ही भर उन्हाळ्यातली पाणीपातळी आणि पाइपातलं घर्षण धरून हेड, म्हणजे पंपाला पाणी एकूण किती उंच चढवावं लागेल ते, काढला होता. दुसऱ्या एका सौरपंपवाल्याने पावसाळा संपतानाची पातळी धरली, पॅनल कमी दाखवले आणि काम नेलं. हरभरा फुलोऱ्यात आला तोवर विहीर खाली गेली. ऊन चढेपर्यंत पंप पाणीच उचलेना. शेवटच्या शेतांत ऐन घाटे भरताना पाणी पोहोचलं नाही, दाणे पोचट राहिले. त्याने फोन घेणं बंद केलं आणि बोभाटा झाला की सौरपंपच चालत नाहीत. शिक्षा आम्हाला! ठरलेली कामं रद्द झाली, माल पडून राहिला. भागीदाराने स्वतःचं रिवाइंडिंग मशीन विकून माणसांचे पगार भागवले. हे मी विसरणार नाही.

त्याच गटातल्या मावशींनी आम्हाला बोलावलं. मी तारेतला करंट मोजायला क्लॅम्प मीटर लावला, भागीदाराने दोरीला वजन बांधून पातळी मोजली. मोटर ठणठणीत होती, पॅनल अपुरे होते. त्यात पॅनल तापले की 25 अंश सेल्सिअसच्या वर दर अंशाला साधारण 0.4 टक्के ताकद घटते. सगळे बॅटरी लावा म्हणत होते. आम्ही पॅनल वाढवले आणि चढावर टाकी बांधायला लावली. दिवसभर भरायची, संध्याकाळी उताराने ठिबकला सोडायची. 10 मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो दाब मिळतो. मात्र उंची वाढवली की पंपावरचा हेडही वाढतो, तो आधी धरावा लागतो. पाण्याची पाळी मावशींनी लावली: शेवटचं शेत आधी. पुढच्या हंगामात तिथले घाटे टच्च भरले. त्यानंतर मावशींच्या शब्दावर आसपासचे गट आमच्याकडे आले.

घेणाऱ्यांना सांगतो, पाळी कागदावर ठरल्याशिवाय खोदाई सुरू करू नका. पॅनलचे कनेक्टर साध्या पक्कडीने दाबणाऱ्याला परत पाठवा. क्रिम्पिंग टूलच हवं, ढिला जोड तापून जळतो.

तो गृहस्थ आता आमच्यासारख्याच टाकीचं चित्र पत्रकात छापतो. त्यात टाकीची उंची दिलेली नसते. तेवढी विचारून घ्या.